‘हा खरा बौद्ध धर्मच नाही’ असे वर्गात कोणी म्हटले तर

जवळा बाजारच्या आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समारोप. मोंढ्यात दिवसभर पोती उचलून आलेली माणसे, हळदीत खुरपून आलेल्या बाया, शाळकरी लेकरे आणि दोन-चार कॉलेजची मुले-मुली असे पंधरा-वीस जण बसतात. दोन-तीन पाने वाचायची, मग कोणाला काही विचारायचे असेल तर विचारायचे. बहुतेक वेळा कोणी काही विचारत नाही. सरणत्तय होते आणि लोक घरी जातात.

गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, “ताई, आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की हा ग्रंथ म्हणजे खरा बौद्ध धर्म नाही. बाबासाहेबांनी आपल्या मनानं लिहिलाय म्हणे. मी काय उत्तर देऊ?”

विहारात एकदम आवाज वाढला. एक काका म्हणाले, “त्या सराला इथंच घेऊन ये, आमी सांगतो.” दुसरे म्हणाले, “बाबासाहेबानं लिहिलं ना? मग विषय संपला.” मुलगी खाली बसली. तिच्या तोंडाकडे पाहून मला कळले की तिला यातले एकही उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येणार नव्हते.

तिला जे सांगायला हवे होते ते त्या रात्री मला नीट सांगता आले नाही. नंतर आम्ही बरेच बोललो. आपल्या अनेक तरुण-तरुणींवर कॉलेजात हीच वेळ येते, म्हणून ते इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा आक्षेप त्या सरांचा नाही. तो जुना आहे. ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्याचे परीक्षण आले. ग्रंथाच्या नावात बुद्धाऐवजी आंबेडकरांचे नाव घालायला हवे, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून फिरत आले आहे. आपल्या मुलीच्या वर्गापर्यंत ते पोचायला साठ-पासष्ट वर्षे लागली, एवढेच.

आता आक्षेप खरा की खोटा हे कसे ठरवायचे? अभ्यासक ते एका साध्या पद्धतीने करतात. ग्रंथातला एखादा प्रसंग घ्यायचा, तो जुन्या पाली ग्रंथांत कुठे आहे ते शोधायचे, काय तसेच ठेवले, काय बदलले आणि का बदलले ते पाहायचे. आपण एकच प्रसंग घेऊ, सिद्धार्थाचा गृहत्याग.

लहानपणापासून आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी: राजपुत्र रथातून निघाला, त्याने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, मन उदास झाले आणि मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत सोडून तो निघून गेला. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच या गोष्टीला प्रश्न विचारला आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे पटते का? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा सांगितला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघात तो एकटा पडला आणि त्याने परिव्रज्या स्वीकारली.

“मनाने लिहिले” हा आरोप मुख्यतः अशा ठिकाणी येतो. म्हणून त्रिपिटक उघडून पाहू. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात चार दृश्यांची कथा आहे, पण ती गौतमाची नाही. विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाची आहे. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात गौतम बुद्ध स्वतः आपल्या गृहत्यागाबद्दल सांगतात. तिथे रात्र नाही, झोपलेली बायको नाही, घोडा नाही. आई-वडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, केस-दाढी काढून आपण घर सोडले, असे तिथे आहे. म्हणजे चोरून नाही, सर्वांसमोर. आणि सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात बुद्ध आपल्याला वाटलेल्या संवेगाचे कारण सांगतात. थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांशी भांडताना पाहून आपल्याला भय वाटले, असे ते म्हणतात.

ही सुत्ते मराठी वाचकांसमोर ठेवून चार दृश्यांच्या कथेवर शंका घेणारे पहिले मोठे अभ्यासक म्हणजे गोव्यातल्या साखवळ गावचे धर्मानंद कोसंबी. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ मधला आहे. त्यांच्या ‘बोधिसत्त्व’ नाटकातही शाक्य-कोलियांचा तंटा गृहत्यागाच्या आधी येतो. म्हणजे बाबासाहेबांनी जी शंका घेतली, ती पालीच्या एका मोठ्या पंडिताने आधीच घेतलेली होती. ही बाजू वर्गात सांगितली जात नाही, कारण बहुतेक वेळा ती सांगणाऱ्यालाच माहीत नसते.

पण थांबा. इथे आपल्यालाही प्रामाणिक राहावे लागेल. रोहिणीच्या पाण्याचा तंटा जुन्या अट्ठकथेत आणि जातकात आहे खरा, पण तिथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. बुद्ध मध्ये पडून युद्ध थांबवतात. तो प्रसंग आधी आणणे, शाक्य संघाची सभा, तिथले मतदान, सिद्धार्थासमोर ठेवलेले पर्याय, हे सगळे ज्या रूपात आपण वाचतो त्या रूपात त्रिपिटकात नाही. ही रचना आहे. ती पुराव्याचे धागे घेऊन केली आहे, पण रचना आहे. हे मान्य केल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. हे मान्य न करता वाद घालायला गेलेला आपला मुलगा मात्र पहिल्या पाच मिनिटांत अडकतो.

अभ्यासकांनी हे काम कसे केले तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या आवृत्तीत संदर्भ दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना पाली मूळ उतारे शोधून काढले. पुढे अडेल फिस्के आणि क्रिस्टोफ एमरिच यांनी ग्रंथातले उतारे आणि मूळ सुत्ते शेजारी ठेवून कुठे जसेच्या तसे घेतले, कुठे गाळले, कुठे जोडले याची तपासणी केली. तो लेख सुरेंद्र जोंधळे आणि योहानेस बेल्ट्झ यांनी संपादित केलेल्या २००४ च्या इंग्रजी ग्रंथात आहे. २०११ मध्ये आकाश सिंग राठोड आणि अजय वर्मा यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची संदर्भांसह चिकित्सक आवृत्ती ऑक्सफर्डकडून काढली. ख्रिस्तोफर क्वीन यांनी वेगळा मुद्दा मांडला: प्रत्येक काळात बौद्धांनी बुद्धवचनाचा आपल्या काळासाठी अर्थ लावला आहे, महायान असाच घडला, आणि बाबासाहेबांचे काम त्या परंपरेत बसते. गेल ऑम्वेट यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात नवयानाला ब्राह्मणशाहीविरोधी जुन्या प्रवाहाशी जोडून पाहिले. या सगळ्यांचे एकमेकांशी जमतेच असे नाही. चार आर्यसत्ये, कर्म आणि पुनर्जन्म यांची बाबासाहेबांनी केलेली मांडणी काहींना पटते, काहींना अजिबात नाही. पण “मनाने लिहिले” एवढे एक वाक्य टाकून यातला कोणी मोकळा झालेला नाही.

म्हणून त्या मुलीला मी नंतर असे म्हणाले की सरांना उत्तर देऊ नकोस, सरांना प्रश्न विचार. सर, कोणता प्रसंग? कोणत्या सुत्ताशी जुळत नाही? तुम्ही अरियपरियेसन सुत्त वाचले आहे का? आवाज न चढवता.

इथे ‘थिऑलॉजी’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे, कारण उच्च शिक्षणात धर्माचा विचार या नावाखाली चालतो. मराठीत आपण त्याला ईश्वरशास्त्र किंवा धर्मशास्त्र म्हणतो आणि दोन्ही शब्द आपल्याला अडचणीचे आहेत. एकात ईश्वर आहे, दुसऱ्यात मनुस्मृतीचा वास आहे. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या चौथ्या खंडात धर्म आणि धम्म यांच्यात फरक केला. ईश्वर, आत्मा, सृष्टी कशी झाली हे धर्माचे विषय. माणसाने माणसाशी कसे वागावे हा धम्माचा विषय. म्हणजे ज्या विद्याशाखेचे नावच ईश्वरावरून पडले, तिच्या दारात उभे राहून त्यांनी तिचा विषयच बदलला. हे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९ मध्ये काळ्यांचे ईश्वरशास्त्र मांडले, आणि बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात दलितांच्या वेदनेपासून झाली पाहिजे असे सांगितले. देव मानणाऱ्यांनी देवाला आपल्या वस्तीत आणले. बाबासाहेबांनी देवाची जागाच माणसाला दिली. मला दुसरा मार्ग जास्त कठीण वाटतो.

आता कलेकडे येते. तुम्ही म्हणाल, धम्माच्या वादाचा भीमगीताशी काय संबंध? संबंध हाच की तिथेही तोच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो. हे खरे आहे का? म्हणजे ही खरी कला आहे का, हे खरे साहित्य आहे का. प्रत्येक वेळी अस्सलपणाचे माप दुसऱ्याच्या हातात असते आणि मोजले जातो आपण.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतली गाणी, चौकातला निळ्या कोटाचा पुतळा, विहारातली प्लॅस्टरची बुद्धमूर्ती. आमच्यातलेच शिकलेले लोक या गोष्टींना नाके मुरडतात, हे मी पाहिले आहे. “व्यक्तिपूजा चालली आहे,” असे म्हणतात. शर्मिला रेगे यांनी २००८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या म्हणण्याचीच उलटतपासणी केली. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर लोक काय विकत घेतात, काय वाचतात, काय गातात हे त्यांनी पाहिले. पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका आणि गायन पार्ट्यांची गाणी यांतून इतिहासाची, राजकारणाची, लग्नातल्या हुंड्याची, दारूची चर्चा चालते. ज्यांना वर्तमानपत्राने जागा दिली नाही त्यांनी आपले वर्तमानपत्र गाण्यात काढले. वामनदादा कर्डक यांचे गाणे ज्या गावात पोचले त्या गावात कित्येकदा पुस्तक नंतर पोचले.

पुतळ्यांबद्दल गॅरी टार्टाकोव्ह या कला-इतिहासकाराने १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘आर्ट जर्नल’मध्ये लिहिले. महाराष्ट्रातल्या नव्या बौद्ध प्रतिमांकडे त्यांनी संग्रहालयाच्या नजरेने पाहिले नाही. या प्रतिमा लोकांना कोणती ओळख देतात, असा त्यांचा प्रश्न होता. निकोलस जॉल यांनी उत्तर प्रदेशातल्या आंबेडकर पुतळ्यांचा अभ्यास करून पुतळा बसवण्याच्या लढ्यातून लोक राज्यसंस्थेशी बोलायला कसे शिकतात हे दाखवले. ज्याला गावात पुतळ्याच्या जागेसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि जुनी बौद्ध कला? तिच्यावर तर सगळे जग खूश आहे. अजिंठ्याला रांगा लागतात. पण ती कोणी घडवली हे पाहायला कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला जावे. इसवी सनापूर्वीची ही लेणी आहेत. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कण्हदास, सोनार. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांत पैठणचा एक गंधी आहे, राजवैद्याचे घराणे आहे. इतर लेण्यांच्या लेखांत माळी, सुतार, लोहार, कोळी, भिक्खुणी भेटतात. औरंगाबादच्या लेण्यांवर पिया ब्रँकाचियो यांचा २०११ चा ग्रंथ आहे, आणि ती लेणी मराठवाडा विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरात आहेत. विद्यापीठात पाच वर्षे काढून ती न पाहिलेले विद्यार्थी मला भेटले आहेत. मीही तिसऱ्या वर्षी गेले, तेही कोणी पाहुणे आले म्हणून.

साहित्याची गोष्ट नागसेनवनात सुरू होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले. निजामाची राजवट नुकतीच संपली होती आणि मराठवाड्यातल्या अस्पृश्य मुलांना उच्च शिक्षणाची वाटच नव्हती. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हे भिक्खू. राजा अडचणीत आणणारे प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरे देतात, असा ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ आहे. कॉलेजला नाव देताना बाबासाहेबांनी उत्तर देणाऱ्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव निवडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. “विषय संपला” म्हणणाऱ्या आमच्या काकांना मी हे सांगितले. ते हसले, पण मान डोलावली.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेल्या म. ना. वानखडे यांनी काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख करून दिली. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि खेड्यातून आलेल्या मुलांच्या पहिल्या कविता छापल्या. औरंगाबादेत इंग्रजीचे प्राध्यापक झालेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. तेव्हा समीक्षकांचा प्रश्न ठरलेला होता. अनुभव जळजळीत आहे, पण कलात्मकता कुठे आहे?

याला दोन वेगवेगळी उत्तरे आली आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी वाचावीत. शरद पाटील यांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) मध्ये थेट दिग्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांपर्यंत मागे जाऊन सौंदर्याचा वेगळा पाया शोधला. पुस्तक कठीण आहे, मी दोनदा सोडून तिसऱ्यांदा पुरे केले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये सत्य-शिव-सुंदर ही कल्पनाच बाजूला ठेवली आणि समता, स्वातंत्र्य, न्याय यांच्याशी लेखकाची बांधिलकी किती यावर साहित्य जोखायला हवे असे म्हटले. मला लिंबाळ्यांचे म्हणणे अर्धे पटते. बांधिलकी पक्की असलेली पण वाचवत नाही अशी पुस्तके आपल्याकडे कमी नाहीत, आणि तसे म्हणण्याची सोय कोणत्याही सौंदर्यशास्त्रात असायला हवी.

या साहित्याला दलित म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरवादी, हा वाद अजून चालू आहे. राजा ढाले, यशवंत मनोहर यांच्यासारख्यांनी ‘दलित’ शब्द नाकारला. आमच्या गावातली तरुण मुले स्वतःला बौद्ध म्हणतात, कवितेत मात्र दलित लिहितात. का, असे विचारले तर एकाने सांगितले, “ताई, स्पर्धेत तोच विषय असतो.”

बायकांनी लिहिलेल्या आत्मकथनांनी हा सगळा वाद पुन्हा हलवला. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). शर्मिला रेगे यांनी २००६ च्या पुस्तकात या लेखनाला समाजशास्त्राच्या वर्गात आणून बसवले. अलीकडे शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये ग्रंथ लिहिला. ज्या कलेला एकीकडे महाराष्ट्राची शान म्हणतात आणि दुसरीकडे अश्लील, ती करणाऱ्या बाईची माणुसकी कोण मोजते, असा तो प्रश्न आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या या इतिहासकार बाईंना २०२४ मध्ये अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

आता सगळ्यात टोचणारा भाग. हे सगळे अभ्यास कोण करते? आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांवर ख्रिश्चन नोवेत्झके यांचा मोठा ग्रंथ २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. आपल्या चळवळीवर एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. यात रागवण्यासारखे काही नाही. त्यांनी कष्ट केले, भाषा शिकल्या, गावोगाव फिरल्या, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये विचारलेला प्रश्न उरतो. आपल्या देशातल्या समाजशास्त्रांत सिद्धांत मांडण्याचे काम वरच्या जातींकडे आणि माहिती पुरवण्याचे काम दलितांकडे, अशी वाटणी का झाली? वर्णव्यवस्था गावातून हलली आणि विद्यापीठात येऊन बसली, असा त्याचा अर्थ. त्यावर सुंदर सरुक्काई यांनी प्रतिवाद केला आणि दोघांनी मिळून २०१२ मध्ये पुस्तक काढले. जो भोगतो त्यालाच सिद्धांत मांडण्याचा अधिकार आहे का, हा वाद त्यात आहे. एम.ए.च्या मुलांनी तो जरूर वाचावा.

मी हे पुस्तकातून शिकले असे नाही. एम.ए.ला असताना मला आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांवर लघुप्रबंध करायचा होता. मला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी सांगितले की हा तुमच्या घरातला विषय आहे, यात तुम्हाला तटस्थ राहता येणार नाही. मी गप्प बसले आणि दुसरा विषय घेतला. स्वतःच्या कुळाच्या वाड्यावर प्रबंध करणाऱ्याला तटस्थतेबद्दल कोणी विचारले होते का, हा प्रश्न मला दहा वर्षांनी सुचला. दरम्यान ज्या शाहीर आजोबांची मुलाखत मला घ्यायची होती ते वारले. त्यांच्या गाण्यांची वही होती, हिरव्या पुठ्ठ्याची. घर बांधताना ती रद्दीत गेली असे त्यांच्या सुनेने सांगितले. त्या बिचारीचा काय दोष? ती वही महत्त्वाची आहे असे तिला सांगायला कोणी विद्यापीठातून आलेच नव्हते, आणि ज्या मुलीने जायचे ती विषय बदलून बसली होती.

हिंगोली जिल्ह्यातली मुले आता नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जातात. ते १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या नावासाठी मराठवाड्याने १९७८ पासून सोळा वर्षे काय सोसले हे इथे परत सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात जळालेल्या घरांची आठवण आहे. फक्त एवढे म्हणते की विद्यापीठाच्या कमानीवरच्या नावासाठी ज्या पिढीने जीव दिले, तिच्या नातवंडांना आत जाऊन आपल्या आजीवर प्रबंध लिहायला लाज वाटू नये.

आणि आपल्या बाजूची एक खोड. दर जयंतीला मोबाइलवर एक संदेश फिरतो. कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी केली आणि त्यात बाबासाहेबांचा पहिला क्रमांक लावला म्हणे. कोलंबियाने २००४ मध्ये आपल्या अडीचशेव्या वर्षी काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची नावे प्रसिद्ध केली, त्यात बाबासाहेब आहेत, हे खरे. पण ती जगाची यादी नव्हती आणि तिच्यात पहिला-दुसरा असे क्रमांक नव्हते. खरी गोष्ट पुरेशी मोठी असताना तिला फुगवून सांगितले की समोरचा फुगा फोडतो आणि खरी गोष्टही त्याच्याबरोबर जाते. मी विहारात हे बोलले तेव्हा दोन तरुण नाराज झाले. एकाने घरी जाऊन शोधले आणि रात्री अकराला मला फोन केला, “ताई, बरोबर हाय तुमचं.” त्या फोनचा मला जितका आनंद झाला तितका भाषणाला टाळ्या मिळाल्यावर होत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगते. तिने सरांना अरियपरियेसन सुत्ताबद्दल विचारले. सर म्हणाले, पाहून सांगतो. अजून सांगितलेले नाही, पण त्यांनी पुस्तकाचे नाव लिहून घेतले. तिला आता समाजशास्त्रात एम.ए. करायचे आहे आणि विषय तिने स्वतःच काढला आहे, आजीच्या ओव्या. जात्यावर दळताना बायांनी भीमावर, रमाईवर, शिक्षणावर रचलेल्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत अशा कितीतरी आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आमच्या तालुक्यातल्या ओव्या कोणी जमवल्या असतील तर त्या मला अजून भेटलेल्या नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही तिच्या आजीकडे गेलो. मुलीने प्रश्न लिहून आणले होते, मोबाइल चार्ज करून आणला होता. आजी पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते, पण बोलणे ठणठणीत. त्यांनी दोन ओव्या म्हटल्या आणि मध्येच थांबल्या.

“आठवत नाई का, आजी?”

“आठवतंय की. पर जात्याबिगर कशी येईल गं ओवी? हात फिरला तर तोंड चालतंय.”

मग जात्याचा शोध सुरू झाला. खालची तळी घरामागे हातपंपाजवळ सापडली. तिच्यावर कपडे आपटून आपटून ती एका बाजूने गुळगुळीत झाली होती. वरची पाळू शेजारच्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवली होती. ती त्यांनी लगेच दिली. खुंटा मात्र कुठेच मिळाला नाही. सुताराला सांगितले आहे, पुढच्या बाजारापर्यंत करून देतो म्हणाला.